दुसऱ्या कानातल्याचा निळा

फिटरच्या बायकोचे कान सोन्याचांदीनंसुद्धा सुजायचे, म्हणून भाचीच्या लग्नासाठी त्यानं घरीच, कान न सुजवणाऱ्या टायटॅनियम धातूची कानातली घडवली. सोड्याच्या पाण्यात टांगून वीज सोडली की धातूला रंग चढतो. विजेचा दाब वाढवावा तसा तो जांभळ्यावरून निळा, मग फिकट असा पुढं सरकतो, पण मागं काही येत नाही. पहिलं झकास निळं झालं. दुसरं बाहेर काढलं तर जांभळं! निघायची वेळ झालेली.

"अजून जरा वाढवतो," म्हणत त्यानं बटणाला हात घातला.

"अहो, थांबा! ओल्यावर रंग कळतो होय? आधी पुसा!" बायको कडाडली.

त्यानं फडक्यानं पुसलं. निळं निघालं, पण किंचित जांभळट.

बायकोनं दोन्ही कानांत घातली. "दोन्ही कान एकदम बघणारा अजून जन्मायचाय. चला."