उगवण किती टक्के?

लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासरे माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. लेकीनं स्वतःच्या मर्जीनं केलेलं लग्न त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. यंदा धोंड्याचा महिना आला आणि सासूबाईंनी हट्टानं मला जेवायला बोलावलं. बायकोला घेऊन येरमाळ्याला एसटीतून उतरलो.

सासरे ओसरीवर ओलं गोणपाट पसरून त्यावर घरच्या सोयाबीनचे दाणे ओळीनं मांडत होते. पेरणीआधी बियाणं पारखायची ही आमच्याकडची रीत. गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं आणि मग किती कोंब आले ते मोजायचं. मी शेजारी बसलो. ते दाणे मांडत राहिले. दारातून बायको डोळे वटारत होती, बोल की काहीतरी!

घाबरलो की माझी जीभ सुटते. त्यात मी भूगोलाचा मास्तर. सुरू झालो तो थेट आभाळात. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला एक धूमकेतू नुकताच आपल्या सूर्याला वळसा घालून गेला, असे कितीतरी दगड भटकत असतात, त्यांच्या पोटात जीव दडून आला तर तो इथंही रुजेल, कुणी सांगावं, मामा, आपण सगळेच परक्या ताऱ्याचे असू! धूमकेतूचा वळसा दाखवायला हात फिरवला आणि तांब्या लवंडला. पाण्याबरोबर सोयाबीन ओसरीभर पांगलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

सासरे एकेक दाणा वेचू लागले. मीही रांगत वेचू लागलो.

"उगवण किती टक्के?" त्यांनी विचारलं.

"कशाची?"

"त्या दगडातल्या बियाची. आमचं एका सालात निम्मं मरतंय. तुमचं तर लाखो वर्सं गारठ्यात पडलंय म्हंता."

"नक्की माहीत नाही, मामा. कोटीत एखादं जगत असेल."

"मग तिफणीनं ओळीत न्हाय पेरलं. मुठीनं फोकून दिलंय," ते म्हणाले आणि खुदकन हसले. मला इतका आनंद झाला की हातातले दाणे पुन्हा सांडले.

जेवताना त्यांनी धूमकेतूची पार उलटतपासणी घेतली. पाणी कुठलं, ऊन किती, खत कशाचं! मला येईल ते मी ठोकून देत होतो.

संध्याकाळी मी पिशवी उचलली, तेव्हा ते गुंडाळलेल्या गोणपाटावर पाणी शिंपडत होते.

"उगवायला चार रोज लागतेत," मान वर न करता ते म्हणाले. "कोंब मोजायला संगं कुणी न्हाय. थांबता का, जावईबापू?"

मी पिशवी खाली ठेवली.