पंगतीतला वाढपी

आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत मी अजूनही ‘व्हिनेगरवाले काका’ म्हणून ओळखला जातो. हे नाव खोटं आहे, आणि ते मीच पसरवलं. खरं श्रेय माझ्या बायकोचं आहे. ते तिला जिवंतपणी मिळावं, म्हणून हे लिहितो आहे.

वडील मिठागरावर दिवसभर राबायचे आणि घरी येऊन डोंगराएवढा भात खायचे. मी बंदरात खुर्चीवरची नोकरी केली, निवृत्त होऊन पनवेलला खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला, पण ताट मात्र वडिलांचंच ठेवलं. मग साखर वाढली. पोट इतकं सुटलं की बुटाची नाडी बायको बांधायची. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि वजन उतरवायला सांगितलं.

घरात ते जमलं असतं. अडचण लग्नांची होती. आम्हा आगरी लोकांत बुफे आले तरी गावच्या हळदीला पंगत बसतेच, आणि पंगतीत वडीलधाऱ्या पाहुण्याला पोट भरलं असं म्हणायची सोय नसते. पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून भात पडतो. नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. सीझनला आम्हाला एका दिवसात दोन-दोन हळदी असायच्या.

त्याच सुमारास सुनेनं ऑनलाइन अॅपल सायडर व्हिनेगरची बाटली मागवली. सफरचंदाचा आंबवलेला, उग्र वासाचा रस. तळाशी गढूळ साका होता, तोच म्हणे गुणकारी. सकाळी पेलाभर पाण्यात चमचाभर घालून मी तो घेऊ लागलो. घसा जळायचा, पोटात आग पडायची. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “काही जणांची जेवणानंतरची साखर त्यानं जराशी कमी चढते. वजनात फरक पडला तरी थोडासाच. सोसत नसेल तर सोडा. गोळी मात्र सोडायची नाही.” मी बाटली सोडली. उरलेलं व्हिनेगर बायकोनं कांद्याच्या कोशिंबिरीत घालून संपवलं.

खरा उपाय तिनं एका हळदीला जाताना गाडीत सांगितला.

“तुमी पंगतीला बसूच नका.”

“मग काय उभा राहू?”

“हां, उभंच रव्हा. भाताचं घमेलं घ्या नि वाढा. वाढणाऱ्याला कोन आग्रव करतंय?”

मला ते कमीपणाचं वाटलं. पण मंडपात शिरल्याशिरल्या तिनंच यजमानीणबाईंना सांगून टाकलं, “आमच्या यांना आज वाढायची हौस आलीय.” झालं. घमेलं माझ्या हातात आलं. पंगतीमागून पंगत उठत गेली, आणि मी अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिलो. शेवटच्या पंगतीला बसलो तेव्हा भात गार झाला होता आणि वाढायला बायकोच उभी होती. एक पळी भात, माशाचा तुकडा, वर रस्सा. दुसऱ्यांदा ती माझ्याकडे फिरकलीच नाही.

तो सबंध सीझन मी वाढपी झालो. घरी तिनं भाकरी अर्धी केली, आधी भाजी मग भात असा नेम घातला आणि गोळी ताटाशेजारी ठेवू लागली. साखर उतरली. नाडी मी स्वतः बांधू लागलो.

मग एका मंडपात चुलत भावानं सगळ्यांदेखत विचारलं, “दादा, पोट कुठं ठेवून आलास?” हा माझ्याहून धाकटा, चिरनेरला राहणारा, साखरेचा जुना रोगी. भोवती पुरुषमाणसं बसलेली. बायकोनं मला वाढप्याच्या कामाला लावलं, हे सांगायला जीभ वळेना. मी म्हणालो, “अॅपल सायडर व्हिनेगर. रोज सकाळी.” नाव परदेशी, बाटली महाग, म्हणून सगळ्यांना पटलं. उरणपासून फोन येऊ लागले. मीही ऐटीत सांगत राहिलो. बायको ऐकायची आणि हसून आत जायची.

भावानं माझं ऐकून व्हिनेगर सुरू केलं आणि गोळ्या बंद केल्या. करंजा बंदरावर मासळीच्या लिलावात त्याच्या पायात शिंगाळा माशाचा काटा घुसला. आमच्या लोकांत अशा काट्याचं कोणाला काय? पण जखम भरेना, चिघळत गेली. पनवेलच्या दवाखान्यात आम्ही दोघं पोचलो तेव्हा करंगळीशेजारचं बोट काढून झालं होतं.

“दादा, मी तुझ्यासारकाच करत होतो रं,” तो म्हणाला. “मना कसा नाय लागू पडला?”

परतताना बायको एवढंच म्हणाली, “तुमी सांगताव का मी सांगू?” मी म्हणालो, सांगतो. पण जखम भरून येईपर्यंत मी सांगितलं नाही. तो पुन्हा गोळ्या घेऊ लागला होता, पण आपल्याच शरीरात काही खोट आहे असं समजून खचला होता. खाण्यावरचा ताबा सुटला होता त्याचा. “पाय जायचा तो जानारच,” म्हणायचा.

यंदा माझ्या नातवाची हळद झाली. भाऊ पंगतीला बसला, आणि आग्रह करणारे त्याच्याभोवती जमले. भाताचा ढीग वाढताना पाहिला आणि मला राहवलं नाही. मी घमेलं खाली ठेवलं.

“थांबा. मी व्हिनेगरनं बारीक झालो नाय. मी खोटं बोललो. हिनं मला वाढायला लावलं, गोळी हातावर ठेवली, म्हणून बरा झालो.”

पंगत थबकली. भाऊ माझ्याकडे वळला.

“आनी ह्या मना बोट गेल्यावर सांगतंस?”

तेवढ्यात बायकोनं ते घमेलं उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. “भाऊजी, त्यांच्यावर राग नंतर काढा. आधी उठा. पंगत ताटकळलीय.”

“वयनी, बूट हाय पायात. डॉक्टरनी काढू नको सांगलाय.”

“ऱ्हाऊ द्या बूट.”

“अगो, अन्नाच्या पानांमधनं बूट घालून फिरायचं?” एक म्हातारी करवादली.

“आत्ये, बूट ऱ्हाईल तर पाय ऱ्हाईल,” बायको म्हणाली. भावानं उठून घमेलं घेतलं. आमच्या गावात बूट घालून वाढलेला तो पहिला माणूस. लंगडत वाढत होता, दमला की खुर्चीवर टेकत होता, पण शेवटच्या पंगतीपर्यंत टिकला. जेवायला माझ्याजवळ बसला नाही. त्याच्या पानात माझ्या बायकोनं एक पळी भात वाढला, त्यानं वर पाहिलं आणि तेवढाच खाल्ला.

त्याची साखर आता उतरते आहे. माझ्याशी बोलतो, पण तुटक. ते मला मान्य आहे. मागच्या लग्नात कुणीतरी त्याला विचारलं, “काका, बारीक झालाव! काय घेताव?” घमेल्यातली पळी उचलून त्यानं बायकांच्या घोळक्यात बसलेल्या माझ्या बायकोकडे रोखली. आता फोन येतात ते तिला. मी उचलला तर पलीकडून विचारतात, “वयनी हायेत काय?” मी अभिमानानं हाक मारतो.