गड्याचं अन् मोलकरणीचं काय?

"सारजाचा पाट लावला तर तुझं नाक कापलं जातंय व्हय रं हिंदुराव? मग माझा पाट लागला तवा तुझ्या आज्ज्याचं नाक कुठं गेलं हुतं?"

"आत्या, हळू बोल. भिंतीला कान असत्यात."

भिंतीला कान होतेच. भिंतीच्या अलीकडं सारजा बाजाराच्या पाट्यांत वांगी भरत बसली होती. चंद्राबाई आत्यांचा आवाज कालव्याच्या पाण्यासारखा, कुणी अडवला तर बाजूनं फुटायचा.

"तवाचं येगळं हुतं," हिंदुराव म्हणाले. "तवा आपण चार वांगी इकून खाणारी माणसं. आता ऊस हाय. गाव रामराम घालतंय."

"म्हंजी ऊस वाढला की रांडमुंड बाईनं जन्मभर तुझी वांगी तोडायची?"

"त्या गेणूला हाय काय? ना शेत ना घर. वालचंदनगरात कंपनीच्या खोलीत ऱ्हातो, भोंगा वाजला की पळतो."

"कामालाच पळतो की. तू भोंगा वाजला तरी उठायचा न्हाईस."

"बास! माझ्या तोंडातनं हो निघायचा न्हाय. पुन्हा हा विषय काढला तर गेणूला गावाच्या शिवंत पाय ठिवू द्यायचा न्हाय."

सारजाच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. देठाचा काटा बोटात रुतला तेव्हा कुठं ती भानावर आली.

कोऱ्हाळ्याची ही गोष्ट. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. सारजा त्या घरची धाकटी सून. लग्नाला दोन वर्षं झाली न झाली तोच नवरा उसाला पाणी धरताना पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. मूलबाळ नव्हतं. कुंकू गेलं, चुडा गेला, आणि थोरल्या दिरांच्या, हिंदुरावांच्या, मळ्यात राबणं तेवढं उरलं. हिंदुराव तसे दुष्ट नव्हते हो. पोटाला घालत, वर्षाला लुगडं आणत. पण फुकट मिळालेला बैल कोण सोडतो?

त्यांच्या जातीत विधवेचा पाट लागायचा, म्हणजे साधेपणानं दुसरं लग्न व्हायचं. फक्त सासरच्या कर्त्या माणसानं चार लोकांत "दिली" म्हणायला लागायचं. तेवढ्या एका शब्दावर सारजाचं सगळं अडलं होतं.

आणि गेणू? गेणू गावचाच, पण नोकरी वालचंदनगरच्या कारखान्यात. जत्रेला रजा काढून यायचा, कारण जत्रेच्या नाटकात गड्याचं काम त्याचं ठरलेलं. आदल्या वर्षी त्याची बंडी फाटली म्हणून सारजानं ठिगळ लावून दिलं होतं. नाटक झाल्यावर ती बंडी त्यानं धुऊन, घडी घालून परत दाखवायला आणली. धुतलेल्या बंडीची घडी घालणारा पुरुष सारजानं जन्मात पाहिला नव्हता. पिरेम म्हणतात ते असं कुठनंही येतं.

त्या काळी नाटकं गावातलीच पोरं करायची. दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या की झाला रंगमंच. बायकांची कामंही पुरुषच करत, आणि त्यांना लुगडी नेसवायचं काम सारजाचं. रामहरीला मोलकरणीचं काम दिलेलं. मिशी काढायला तो तयार नव्हता. "मोलकरणीला मिशी असली तर राजाचं काय जातंय?" म्हणायचा.

राजा अर्थात हिंदुराव. कारण पडदा त्यांनी आणलेला होता.

गोष्ट नेहमीचीच. राजाराणीचं प्रेम जमायचं, मोडायचं, पुन्हा जमायचं. त्यांचे निरोप पोचवता पोचवता गडी आणि मोलकरीण एकमेकांना झाडू दाखवत, चिमटे काढत, आणि त्यांचंही जुळायचं. लोक हसायचे त्यांच्यावर, आणि जीवही लावायचे त्यांच्यावरच. राजाराणीच्या लग्नाला तीन अंक लागायचे. गड्याच्या लग्नाला एकच वाक्य, तेही अगदी शेवटी. राजा हात वर करून म्हणायचा, "गड्या, ही तुला दिली!" की पडदा. आता टीव्हीवरच्या मालिकांत तरी दुसरं काय असतं? नायिकेचं लग्न महिनाभर चालतं, आणि तिच्या मैत्रिणीचं कधी उरकलं ते स्वयंपाकघरातनं येईपर्यंत कळत नाही. कधी कधी तर ते लिहिणाराच विसरतो.

इथं मात्र कुणी विसरलं नव्हतं. शेवटच्या तालमीला हिंदुराव म्हणाले, "ते गड्याचं वाक्य काढा. राजाराणीनं हार घातले की पडदा."

का काढलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"आवं, पर मग आमचं काय हुतं?" रामहरीनं विचारलं.

"तुमचं काय व्हायचंय? तुमी झाडू मारा."

गेणूनं हातातला झाडू खाली ठेवला, तेवढंच.

जत्रेचा दिवस उजाडला. पालखी गावातनं फिरून देवळासमोर येऊन बसली. गॅसबत्त्या पेटल्या. देवळाच्या ओवरीत घोंगडी आडवी बांधून सारजा लुगडी नेसवत होती. राणीला जावेचं जरीचं. मोलकरणीला जावेचंच विटकं, खांद्यावर उसवलेलं. सारजानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, बाजूला ठेवलं. मग आपलं गाठोडं सोडलं.

आतनं हिरवंगार लुगडं निघालं. रुंद तांबडे काठ. तिच्या लग्नातलं.

रामहरी एक पाऊल मागं सरला. "वयनी, हे तर तुमचं..."

"हात वर कर."

"हिंदुराव तात्यांनी बगितलं तर?"

"बगू देत. त्यांनीच निवडून आणलंय बारामतीच्या पेठंतनं. हल नगं, निऱ्या मोडत्यात."

घरातनं काढलं तर जायचं कुठं? माहेरी कऱ्हाटीला भाऊ होता, पण भावजयीनं आधीच सांगून ठेवलेलं, की चार दिवस या, पाचवा नको. तरी निऱ्या तिनं एकसारख्या घातल्या.

घोंगडीपलीकडनं गेणू हळूच म्हणाला, "सारजा, उद्या मी जाणार. आता पुन्हा इचारायला यायचा न्हाय. माझ्यापायी तुला गावात बोल नगं."

"आदी तुमचं काम करा," सारजा म्हणाली. "लोक वाट बगत्यात."

पडदा वर गेला. सारजा घोंगडीमागं उभी. तिला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. रामहरी ठुमकत आत गेला तेव्हा आधी हशा पिकला. मग हशा मध्येच बसला. बायकांच्या बाजूनं कुजबुज उठली. "अगं, हे सारजीचं लुगडं!" "तिच्या लग्नातलं गं!" उसाच्या वाळल्या पाचटातनं जाळ पळावा तशी ती कुजबुज मागच्या रांगेपर्यंत गेली.

दुसऱ्या अंकात राजा दरबारात आला, आणि मोलकरणीकडं बघून त्याचं वाक्यच अडकलं. लोकांना वाटलं, विचार करतोय. सारजाला कळलं. तिनं ओवरीचा खांब धरला.

तिसऱ्या अंकाच्या आधी हिंदुराव घोंगडीजवळ आले. मिशीला पीळ, कपाळाला भंडारा, डोळे लाल.

"घरी चल. मग बोलू."

एवढंच. मागं फिरायची वाट आता उरली नव्हती.

राजाराणीचं लग्न झालं. हार घातले गेले, टाळ्या वाजल्या. हिंदुरावांनी पडदेवाल्याला मानेनं खूण केली. पडद्याची दोरी करकरली.

आणि बायकांमधनं आवाज आला. "थांब रं दोरीवाल्या!"

चंद्राबाई आत्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "राजा, तुझं झालं बाबा. त्या गड्याचं अन् मोलकरणीचं काय केलंस?"

कुणीतरी हसलं. मग पुरुषांतनं आवाज, "व्हय व्हय! त्यांचं सांगा!" मागच्या पोरांनी शिट्ट्या घातल्या. ज्यांना काही ठाऊक नव्हतं तेही ओरडायला लागले, कारण गोष्ट अर्धी ठेवून घरी जायला कुणालाच आवडत नाही.

गेणू झाडू घेऊन पुढं आला. हे नाटकात नव्हतं. त्यानं झाडू खाली ठेवला आणि हात जोडले. "म्हाराज, तुमचा शबूद तेवढा हवा."

सारजानं डोळे मिटले.

हिंदुराव उभे. समोर गाव, गावापुढं पालखी. शेजारी हिरवं लुगडं, त्यांच्याच धाकट्या भावाच्या लग्नासाठी त्यांनीच हात लावून पारखलेलं. नाही म्हणावं, तर सगळ्या गावादेखत राजा कद्रू ठरतो. आणि हिंदुरावांना राजा व्हायला फार आवडायचं, हीच त्यांची खोड आणि हेच सारजाचं नशीब. गॅसबत्तीचा सूंऽऽ आवाज तेवढा येत राहिला.

"दिली," हिंदुराव म्हणाले. अगदी हळू.

"ऐकू आलं न्हाय!" आत्या ओरडल्या.

"दिली म्हणतो की!"

टाळ्या असल्या वाजल्या, की बैलांनी कान टवकारले. सारजा खांबापाशीच खाली बसली.

सकाळी आत्या नारळ-सुपारी घेऊन दारात हजर. मागं चार वडीलधारी माणसं.

"आत्या, ते नाटक हुतं," हिंदुराव म्हणाले.

"राजाची जीभ येगळी अन् तुझी येगळी, असं हाय का? पालखीम्होरं बोललास. कपाळाचा भंडारा पुसला न्हाईस अजून."

हिंदुरावांनी कपाळाला हात लावला. बोटं पिवळी झाली. मग चुलीकडं तोंड करून म्हणाले, "पाव्हण्यास्नी चहा टाका."

पाट लागला. सारजा वालचंदनगरच्या एका खोलीत राहायला गेली आणि तिनं भोंग्यावर भाकरी टाकायला शिकून घेतलं. पोरं झाली, मोठी झाली. गेणू म्हातारा होऊन गेला, शेवटपर्यंत कपड्यांच्या घड्या आपल्या हातानं घालत.

पण दर जत्रेला सारजा गाठोडं घेऊन एस्टीनं कोऱ्हाळ्याला यायचीच. मोलकरणीचं लुगडं तिचंच, नेसवायची तीच. अट एकच. आधी विचारायची, "शेवटी त्या दोघांचं काय हुतं?" नीट उत्तर मिळालं नाही तर गाठोडं सुटायचं नाही. नाटक लिहिणाऱ्या पोरांनी निमूटपणे शेवटी एक वाक्य वाढवायची सवय लावून घेतली होती.

शेवटच्या वर्षीही ती आली. गुडघे धरले होते, म्हणून कंडक्टरनं हात दिला. मोलकरीण आता खरी मुलगी होती, बारामतीच्या कॉलेजातली. सारजानं विचारलं, "शेवटी काय हुतं गं तुमचं?"

"लग्न होतं आजी."

"कुणी बोलून दाखवतं का नुसतं समजून घ्यायचं?"

"बोलून दाखवतात."

"मग हात वर कर."

निऱ्या घालून झाल्या. नाटक संपल्यावर तिनं लुगडं परत घेतलं, झटकलं, काठाला काठ लावून घडी घातली, मधी कडुलिंबाचा पाला ठेवला, आणि गाठोडं काखेत मारून एस्टीच्या थांब्याकडं निघाली.