ओर्लीना स्टॅम्परचं ‘ठीक आहे’

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात कोणी ‘कशी आहेस?’ विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणायचं, मग पाय का मोडलेला असेना. ओर्लीना स्टॅम्पर याच मुशीतली. शाळेच्या स्वयंपाकघरात चोवीस वर्षं तिनं पोरांसाठी मक्याचा पाव भाजला. संधिवातानं बोटं वाकडी झाली तेव्हा नाइलाजानं घरी बसली, पण सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता.

अपंगत्वाच्या सरकारी पेन्शनसाठी तिनं केलेला अर्ज दोनदा फेटाळला गेला. पेन्शन मिळाली तरच पुढे औषधांचा विमा मिळणार होता, आणि इंजेक्शनं लांबली तर हात कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता न्यायाधीशापुढची सुनावणी तेवढी उरली होती.

वकीलबाई रमोना टॅकेट लहानपणी शाळेत ओर्लीनाच्याच हातचं जेवलेली, अजूनही तिला तिकडच्या रीतीनं आदरानं ‘मिस’ म्हणायची. तिनं जुना अर्ज पुढे सरकवला.

“मिस ओर्लीना, हे तुम्हीच लिहिलंत? स्वयंपाक करता? हो. बरण्यांची झाकणं उघडता? हो. आणि डॉक्टरांच्या दर कागदावर तेच, ‘पेशंट म्हणते ठीक आहे.’”

“मग खोटं लिहू? उघडते मी बरण्या.”

“खोटं नको हो. पण थोडं कण्हा तरी.”

“ते आमच्या घराण्यात नाही.”

रमोनानं कपाळाला हात लावला. असल्या कामात आळशी माणूस परवडतो, मानी माणूस फार जड जातो. शेवटी तिनं ओर्लीनाच्या नवऱ्याला साक्षीला बोलावलं. डेल्बर्ट खाणीतून निवृत्त झालेला, दिवसाला दहा शब्द बोलला तरी खूप.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी सहज विचारलं, “आज कशा आहात?”

“ठीक आहे, साहेब.”

रमोनानं डोळे मिटून घेतले.

“घरी बरण्या उघडता येतात?”

“येतात की.”

मग डेल्बर्टनं शपथ घेतली. रमोनानं विचारलं, “बरण्या मिस ओर्लीना स्वतः उघडतात का?”

त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं. शपथ तर मोडता येत नव्हती.

“उघडते ती. पण रोज सकाळी मी सगळ्या सैल करून ठेवतो. झाकण नुसतं वर टेकवलेलं असतं.”

“कधीपासून?”

“तीन वर्षं झाली. जॅमला मुंग्या लागतात, मग मी वेंधळा म्हणून बोलणी खातो. तिला वाटत होतं, हातात अजून जोर आहे. म्हटलं, वाटू दे.”

ओर्लीना लालबुंद झाली. आधी तिला रागच आला. तीन वर्षं या माणसानं आपल्याला लहान पोरीसारखं खेळवलं. मग रागातला जोर ओसरला.

न्यायाधीशांनी हळूच विचारलं, “बाई, हात खरंच कसे आहेत?”

तिनं नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं. “दुखतात. सकाळी मूठ वळत नाही. हा कोंबड्यांना दाणे टाकायला गेला की मी रडून घेते.”

डेल्बर्टला हे ठाऊक नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

परतताना गाडीत ती म्हणाली, “मला फसवलंस तू.”

“हो.”

“मुंग्यांवरून किती तोंडसुख घेतलं मी.”

“सवय आहे मला.”

पाच आठवड्यांनी पत्र आलं. तिनं पाकीट मुकाट्यानं त्याच्यापुढे धरलं. डेल्बर्टनं ते फोडलं, पहिली ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“मंजूर झालं, ओर्लीना.”

ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि दोन्ही हात तिनं त्याच्या मांडीवर ठेवले.

“धर जरा,” ती म्हणाली. “आज फार दुखतायत.”