कीबोर्ड तपासायची चौकट

बिबवेवाडीतल्या एका दुकानात मी जुना लॅपटॉप घेऊन गेलो होतो, त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकून घ्यायला. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर. लिनक्स बसवणाऱ्या प्रोग्रॅममधली प्रश्न विचारणारी पानं आपल्याला हवी तशी ठेवता किंवा काढता येतात. त्यांनी जवळपास सगळीच काढून टाकली होती. "गिऱ्हाइकाला प्रश्न कशाला विचारायचे? उत्तरं शेवटी मलाच द्यावी लागतात."

एक पान मात्र त्यांनी ठेवलं होतं, कीबोर्ड निवडायचं. अक्षरं नीट उमटतात का हे बघायला त्यात खाली एक रिकामी चौकट होती. चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी एका बोटाने सावकाश लिहिलं, 'वेळेवर जेवलीस का?' आणि उत्तर यायचं असल्यासारखे तिकडे बघत राहिले.

मला घाई होती. "अहो, इथे लिहिलेलं कुठेच जात नाही."

"म्हणून तर इथे लिहितो," ते म्हणाले. "बायको वारली, तरी तिच्या फोनवर रोज विचारायचो. पुढे तो नंबर दुसऱ्या कोणाला तरी मिळाला. एक दिवस तिच्या नावाखाली उत्तर आलं, 'आपण कोण?'"