परत आणलेली घागर

येशूच्या पुनरुत्थानावर मी आजवर पुष्कळ उपदेश ऐकले. त्यातले फारसे लक्षात राहिले नाहीत आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. माझा प्रश्न लहानपणापासून एकच होता. पहाटे त्याच्या कबरेकडे निघालेल्या त्या बायकांनी सुगंधी द्रव्यं सोबत नेली होती. कबर रिकामी निघाली, लावायला देहच नव्हता. मग त्या द्रव्यांचं पुढे काय झालं? नांदेडला रविवारच्या शब्बाथ शाळेत हे विचारलं तेव्हा बाईंनी मला खाली बसवलं. मोठी झाल्यावर चर्चच्या एका पाळकसाहेबांनाही विचारून पाहिलं. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. उत्तर मला त्याआधीच, लातूरला, दुष्काळाच्या वर्षी मिळालेलं होतं; ते उत्तर आहे हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली.

लातूर जिल्हा नवा झाला आणि वडिलांची बदली नांदेडहून तिकडे झाली. ते सरकारी कचेरीत कारकून होते. टेबलं आलेली, खुर्च्या अजून यायच्या, कपाटांच्या चाव्या कुणाकडे आहेत याचा पत्ता नाही, असा तिथला कारभार. वडील मात्र खुशीत असत. घरी येऊन सांगत, आम्ही जिल्हा उभा करून राहिलो. आईला ते गाव पहिल्यापासून पसंत नव्हतं. नांदेडला गोदावरी होती. इथे नळाला पाणी आलं तर आलं. ओळखीपाळखी व्हायच्या आत वडिलांना कावीळ झाली आणि नाताळच्या तोंडावर ते गेले.

आईला त्याच कचेरीत चिकटवून घेतलं. दिवसा ती काम करायची आणि संध्याकाळी घरी यायच्या आधी कबरस्तानात जायची. तिथे बसून वडिलांशी बोलायची. मी एकदोनदा सोबत गेले होते, म्हणून मला माहीत आहे. तेल संपलं, साहेब खेकसले, घरमालक असा बोलला, सगळं सांगायची. घरी आली की तिच्याकडे आमच्यासाठी एक शब्द उरलेला नसायचा. आमच्यासाठी म्हणजे माझ्यासाठी, दुसरं घरात होतंच कोण? मला त्या मातीच्या ढिगाचा हेवा वाटायचा.

वडील होते तोवर दर शनिवारी आई शिकेकाईने माझे केस धुवायची. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, डोकं कसं लख्ख दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. धुताना ती एवढी ओरडायची की शेजारणी हसायच्या. वडील गेल्यावर ते थांबलं. पाणी नव्हतं हे खरंच, पण पाण्याचाच प्रश्न असता तर तिने नुसती फणी तरी फिरवली असती. माझ्या केसांच्या जटा झाल्या, शाळेत मुली लांब बसू लागल्या. मी वेणी वरच्यावर बांधून वेळ मारून नेत होते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, देगलूरहून आत्या आली. ती वडिलांची धाकटी बहीण, तिथल्या दवाखान्यात नर्स. तिने माझं डोकं हातात धरून पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाली की पोरीला मी देगलूरला घेऊन जाते, शाळेचंही बघते, सोमवारच्या एसटीने निघू. आई ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "ने."

एवढंच. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी दाराआड उभी होते. त्या एका शब्दाने मला जेवढं लागलं तेवढं वडील गेले तेव्हाही लागलं नव्हतं.

आमच्या मंडळीत पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, पहाटेची उपासना कबरस्तानातच होते. त्याआधी प्रत्येक घरचे लोक आपापल्या कबरीवर पाणी शिंपडतात, तडे गेलेली माती लिंपतात, मेणबत्ती लावतात. त्या वर्षी पाळकसाहेबांनी देवळात सांगितलं होतं की टँकरचं पाणी आहे, कबरींसाठी कुणी आणू नका. सगळ्यांनी ऐकलं, आईने ऐकलं नाही. टँकर आला की आमच्या वाट्यातला तांब्याभर ती बाजूला काढायची आणि कोपऱ्यातल्या घागरीत ओतायची. घागरीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. तिला हात लावायची माझी छाती नव्हती. आत्या मात्र तोंडावर बोलली की पोरीच्या डोक्याला पाणी नाही अन् मातीला घागरभर. आईने ते कानाआड केलं.

पहाटे आम्ही तिघी निघालो. आईच्या कमरेवर घागर. कबरस्तानात लोक जमत होते, मेणबत्त्या लागत होत्या. वडिलांचा क्रूस मेणबत्तीच्या उजेडात दिसला, लाकडी, पांढरा रंगवलेला, काळ्या अक्षरात नाव. आईने घागर खाली ठेवली आणि फडकं सोडायला घेतलं. आत्या इकडेतिकडे पाहत उभी होती. मग ती हळूच म्हणाली, "वैनी, दादा इथं न्हाई."

आईला वाटलं, ही सणाचा उपदेश करते आहे. तिने फडक्याची गाठ सोडता सोडता म्हटलं, "माहीत हाय मला. वर हाय."

"तसं न्हाई वो. खरंच इथं न्हाई. त्या बोरीपाशी ठेवलंय दादाला. माती द्यायला वाकले तवा माझा पदर काट्यात अडकला व्हता. तुम्ही तवा शुद्धीवर कुठं व्हता?"

आसपासचे लोक गोळा झाले. थोड्या विचारपुशीने उलगडा झाला. नाताळच्या आधी तरुण संघाची पोरं सगळे लाकडी क्रूस उपटून देवळात नेतात, रंगवतात आणि परत लावतात. त्यात दोन क्रूस बदलले होते. आम्ही गावात नवे, कच्च्या कबरी सगळ्या सारख्याच. आई तिथे यायला लागली तीच नाताळानंतर; तिने नाव वाचलं आणि बसली.

बोरीपाशी जो क्रूस होता त्यावर बायबलबाईंचं नाव होतं. घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या या म्हाताऱ्या बाई वडिलांच्या पाठोपाठच गेल्या होत्या. पुढेमागे कुणी नाही. उपासनेला उशिरा येणाऱ्याला दारातच झापायच्या, आणि आईला तर हमखास उशीर व्हायचा. म्हणजे नाताळापासून आईने घरातलं सगळं गाऱ्हाणं बायबलबाईंना सांगितलं होतं.

आई जमिनीवर बसली. तिचे खांदे हलू लागले. मी घाबरले, आता ही पुरती कोसळली असं वाटलं. जवळ गेले तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "ऐकून घेतलं बिचारीनं," ती म्हणाली. "एकदा बी झापलं न्हाई."

उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी त्या बायकांचा आणि रिकाम्या कबरीचा उतारा वाचला. आई घागर घेऊन बोरीपाशी उभी होती. नाताळापासून त्या मातीला कुणी शिवलं नव्हतं. वर बोरांच्या वाळक्या बिया पडल्या होत्या. वडिलांचं त्यावाचून काही अडलेलं दिसत नव्हतं. आता ती पाणी ओतेल म्हणून मी वाट पाहत होते. तिने ओतलं नाही. गाणं चालू असताना तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे, आणि बराच वेळ तिची नजर तिथून हलली नाही. शेवटच्या आशीर्वादानंतर तिने फडक्याची गाठ पुन्हा आवळली, घागर कमरेवर घेतली आणि घरची वाट धरली.

सगळं त्या सकाळीच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. वडील परत आले नाहीत. आई पुढेही कित्येकदा गप्प गप्प असायची. क्रूस जागच्या जागी लागले तरी बायबलबाईंच्या कबरीवर ती शेवटपर्यंत मेणबत्ती लावत राहिली. पण आता कुणी मला मेलेल्यांतून उठणं म्हणजे काय असं विचारलं, तर मला ती परतीची वाट आठवते. त्या बायकांनीही ती द्रव्यं घरीच परत नेली असणार. घरात कुणीतरी जिवंत माणूस असेलच की.

आईने चूल पेटवली, पाणी तापवलं, शिकेकाई उकळली. मला न्हाणीच्या दगडावर बसवलं आणि एकेक जट सोडवू लागली. मी ठणाणा केला, तशी ती पूर्वीच्याच आवाजात ओरडली की मान सरळ ठेव. दारात आत्या माझे फ्रॉक पिशवीत भरत होती. आईने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "ती पिशवी रिकामी कर," ती म्हणाली. "माझी पोरगी कुठं जात न्हाई."