दुधातुपाचं घर

मुलीला स्थळ शोधावं तसं देवकाबाईनं मांजरीसाठी घर शोधलं. अठ्ठ्याहत्तर सालचा हिवाळा होता. धानाची मळणी आटोपली होती आणि लाखनीजवळच्या त्या गावातून नवऱ्याला, यादोरावांना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं होतं. घरात तिसरं माणूस नव्हतं. एकुलती लेक रुखमिणी, त्यांची रुकी, पहिल्या बाळंतपणात गेली होती.

सासरी जाताना तिनंच हे पिल्लू बापाच्या मांडीवर ठेवलं होतं. यादोरावांना तेव्हाच दिसेनासं झालं होतं. "कशी आहे वं?" त्यांनी विचारलं, तर पोरगी म्हणाली, "पिकल्या धानाच्या रंगाची, बाबा." तेव्हापासून मांजरीची जागा त्यांच्या मांडीवर. आता त्यांचं एकच पालुपद होतं, "दिसाले लागलं का पयले रुकीची मांजर पायतो."

शेजारची धुरपता मांजर ठेवायला एका पायावर तयार होती. पण तिच्या घरी दोन्ही वेळा पेज, दुधाचा थेंब नाही.

"तिच्याकडंच ठेव," यादोराव म्हणाले. "धुरपता मांजरीसंग बोलत रायते."

"बोलण्यानं पोट भरते का?"

देवकाबाईची जीभ तिखट, आणि घर पारखण्याचा तोरा त्याहून मोठा. तिनं मांजर गावातल्याच सधन शकुंतलाबाईंकडे नेऊन दिली. तिथं दोन म्हशी, कुत्रं नाही, धानानं भरलेल्या कोठ्या. दूध कोणत्या वाटीत घालणार, इथपर्यंत देवकाबाईनं चौकशी केली. कोठ्यांपाशी उंदरांचं औषध ठेवता का, हे मात्र विचारलं नाही. स्वतःच्या घरी मांजर असल्यानं ते कधी लागलंच नव्हतं.

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेल्या नवऱ्याला ओसरीत बसवून ती मांजर आणायला गेली, तर शकुंतलाबाई दारातच रडू लागल्या. औषध खाल्लेला उंदीर मांजरीनं धरला होता. मांजर मारल्याचं पाप त्यांच्या जिवाला लागलं होतं.

घरी येऊन देवकाबाई खोटं बोलली. मांजरीचे केस डोळ्यात जातील म्हणून डॉक्टरनं तिला इतक्यात जवळ घ्यायचं नाही सांगितलंय म्हणाली. तेवढ्या दिवसांत शकुंतलाबाईंनी माहेराहून तशाच रंगाची मांजर आणवली. "त्यायनं कुठं पायली होती?" त्या म्हणाल्या. देवकाबाईनं ती मांजर घेतली.

पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. तिनं मांजर त्यांच्या मांडीवर ठेवली. यादोराव बराच वेळ बघत राहिले.

"रुकीनं सांगतलं तसाच रंग आहे."

मग त्यांचा हात सवयीनं पाठीवरून शेपटीकडे गेला आणि टोकाशी थांबला. जुन्या मांजरीच्या शेपटीला तिथं गाठ होती. देवकाबाईला ती ठाऊकच नव्हती. तिनं त्या मांजरीला वेळच्या वेळी खायला घातलं होतं, जवळ घेऊन कधी बसली नव्हती.

"कवा मेली?" त्यांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. मग मान खाली घालून वाट बघत राहिली. धुरपताकडं ठेव म्हटलं होतं ना, असं ते आता म्हणतील. रुकीसाठीही त्यांना शेजारच्या गावातलं साधं घर पसंत होतं, आणि तिनं हट्टानं दूरचं, दुधातुपाचं घर पाहिलं होतं. दोन्ही एकदमच म्हणतील.

यादोरावांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि डोळे मिटून त्या परक्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

"इले दूध दे," ते म्हणाले. "भुकेजली असन."

देवकाबाई उठली. चुलीपाशी जाऊन तिनं पदर तोंडात कोंबला, आणि वाटीत दूध ओतलं.